१६८ घरांचा तक्ता

१२ माणसं, १४ फोल्डर. गुणाकार १६८. छोट्या कार्यालयात कुठला कागद कुणी बघायचा आणि कुणी बदलायचा हा प्रश्न मोजायला घेतला तर तो एवढा भरतो: १६८ घरांचा एक तक्ता. डाव्या बाजूला खाली खाली माणसांची नावं, वर आडवे फोल्डर, आणि प्रत्येक घरात तीनपैकी एक उत्तर. काहीच नाही, नुसतं बघणं, किंवा बघून बदलणं. तक्ता आखायला एक फुलस्केप कागद आणि तासभर पुरतो. तरी बहुतेक ठिकाणी तो आखलेला नसतो, कारण मालकांचं उत्तर तयार असतं, "आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत हो." या वाक्याचा हिशेब केला तर १६८ पैकी १६८ घरं उघडी, आणि तीही बदलण्याच्या परवानगीसकट.

धंदा नवी मुंबईतलाच घेऊ, सीएचएचा, म्हणजे कस्टम हाऊस एजंटचा. कायद्यात त्याचं नाव २०१३ पासून कस्टम ब्रोकर झालं, पण वाशी-बेलापूरच्या लिफ्टमध्ये अजून सीएचएच म्हणतात. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू हलले. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचं माप. ३६५ने भागलं की रोजचे २० हजार. डबे उरणच्या बाजूला असतात आणि त्यांचे कागद वाशी, बेलापूर, नेरूळच्या छोट्या छोट्या गाळ्यांत. आयातीच्या एका जॉबला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, बिल ऑफ एंट्री, डिलिव्हरी ऑर्डर, ट्रान्सपोर्टची पावती आणि शेवटी आपलं बिल, एवढं तर लागतंच. पार्टी नवी असेल तर वर केवायसी: आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड, जीएसटी नोंदणी, पॅन, मालकाचं आधार. मालाला हात न लावता निव्वळ कागदावर चालणारा धंदा हवा असेल तर याहून चोख उदाहरण सापडणार नाही.

नमुन्याचं कार्यालय एका ओळखीच्या कार्यालयावरून बेतलं आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. माणसं अशी: दोन भागीदार, डॉक्युमेंटेशनला चौघं, बंदरावर आणि कस्टम हाऊसला फिरणारे फील्डचे तिघं, बिलिंग आणि अकाउंट्सला दोघं, पार्ट्या आणणारा मार्केटिंगचा एक. फोल्डर असे: केवायसी, आयातीचे जॉब, निर्यातीचे जॉब, डिलिव्हरी ऑर्डर, ट्रान्सपोर्ट, बिलिंग, दरपत्रकं, येणी-देणी, बँक, जीएसटी-टीडीएस, पगार, कर्मचाऱ्यांचे कागद, लायसन्स आणि कस्टमचा पत्रव्यवहार, आणि भागीदारांचं खासगी.

आता एकेका घरात विचारत जायचं: या माणसाला हा फोल्डर कामासाठी लागतो का? भागीदारांना सगळं लागतं असं धरू, २८ घरं. डॉक्युमेंटेशनवाल्यांना केवायसी, आयात, निर्यात, डिलिव्हरी ऑर्डर आणि ट्रान्सपोर्ट, पाच फोल्डर चौघांना, २०. फील्डवाल्यांना आयात, निर्यात, डिलिव्हरी ऑर्डर, ट्रान्सपोर्ट, तिघांचे १२. अकाउंट्सच्या दोघांना आयात-निर्यातीचे जॉब आणि ट्रान्सपोर्ट बिल करण्यापुरते, शिवाय बिलिंग, दर, येणी, बँक, जीएसटी, पगार. नऊ फोल्डर, १८ घरं. मार्केटिंगवाल्याला केवायसी, दर आणि येणी, ३. बेरीज ८१. म्हणजे १६८ पैकी ८७ घरं, निम्म्याहून जास्त, विनाकारण उघडी आहेत.

पण खरा आकडा पुढचा. या ८१ पैकी बदलायची गरज किती घरांत आहे? आयात, निर्यात आणि डिलिव्हरी ऑर्डर डॉक्युमेंटेशनचे चौघं भरतात, १२. ट्रान्सपोर्टची नोंद फील्डचे तिघं करतात, ३. बिलिंग, येणी, बँक, जीएसटी आणि पगार अकाउंट्सचे दोघं, १०. केवायसीचे कागद गोळा करून ठेवणारा मार्केटिंगवाला, १. दर, कर्मचाऱ्यांचे कागद, लायसन्स आणि खासगी, हे चार भागीदारांकडे, ८. एकूण ३४. म्हणजे १६८ला ३४, पाचात एक. चौदाच्या चौदा फोल्डरना कुणी ना कुणी हात लावणारा आहे, काम कुठेच अडत नाही, आणि माणशी सरासरी तीन फोल्डरसुद्धा पडत नाहीत. ‘सगळ्यांना सगळं’ या पद्धतीत तेच माणशी १४ असतात.

बघण्याची ८७ जादा घरं त्रासदायक आहेत. एखाद्याचा पगार दुसऱ्याला कळतो, एका पार्टीचा दर दुसरीकडे पोचतो, चार दिवस ऑफिसात तोंडं फिरलेली राहतात. पण बदलण्याची १३४ जादा घरं धंदा बंद पाडू शकतात. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा व्हायरस ज्या माणसाच्या कॉम्प्युटरवर शिरतो, त्या माणसाचे हक्क वापरतो. मेलमधून आलेलं खोटं ‘अरायव्हल नोटीस’ फील्डच्या एखाद्या पोराने उघडलं, तर सर्व्हरवरचे जेवढे फोल्डर त्याला बदलता येतात तेवढ्यांची वाट लागते. तक्ता आखलेला असेल तर चौदातला एक, ट्रान्सपोर्टचा. आखलेला नसेल तर पगारापासून लायसन्सपर्यंत चौदाच्या चौदा. त्याने ते फोल्डर जन्मात उघडले नसले तरी.

परवानग्यांच्या या गोष्टीचा सगळ्यात महागडा धडा नवी मुंबईकरांनी घराजवळच पाहिला आहे. २७ जून २०१७. न्हावा शेवाच्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कॉम्प्युटर बंद पडले. हे टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातली कंपनी चालवते, आणि त्या दिवशी मर्स्कचं जगभरचं जाळं ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने आडवं झालं होतं. सुरुवात झाली युक्रेनमध्ये, तिथल्या कर भरायच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अकाउंटंटच्या टेबलावरून. पुढे तो पसरला तो दोन वाटांनी. एक वाट विंडोजमधल्या एका दोषाची, ज्याच्या दुरुस्तीचा तुकडा तीन महिन्यांआधीच आलेला होता. दुसरी वाट जास्त कामाची: एका कॉम्प्युटरच्या मेमरीत पडलेले ॲडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि त्याच किल्लीने शेजारचा कॉम्प्युटर उघडायचा. ज्यांनी दुरुस्ती वेळेवर केली होती तेही या दुसऱ्या वाटेने बुडाले, कारण एकच ॲडमिन किल्ली हजारो दारांना लागत होती.

पुढचे आकडे मर्स्कच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले: ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन नव्याने उभी केली, दहा दिवसांत. कंपनीने नुकसानीचा अंदाज दिला २५ ते ३० कोटी डॉलरचा. जगभरच्या लॉगिनची यादी ठेवणारे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत असल्यामुळे सगळे एकदम गेले. घानामधल्या कार्यालयात नेमकी वीज गेलेली होती म्हणून तिथली एक प्रत तेवढी वाचली आणि तिच्यावरून घडी परत बसली. लोडशेडिंगला दुवा द्यायची वेळ एवढ्या मोठ्या कंपनीवर यावी, हे महाराष्ट्रातल्या माणसाला ऐकायला वेगळंच वाटतं. मर्स्ककडे दहा दिवस तग धरायला पैसा होता. बारा माणसांच्या सीएचएकडे महिनाअखेरच्या पगाराएवढाही नसतो.

तर बदलण्याची ती १३४ जादा घरं कमी करायची. कसे? १६८ घरं एकेक करून भरत बसलं तर कंटाळा येतो, आणि पुढच्या महिन्यात माणूस बदलला की परत बसावं लागतं. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२मध्ये यावर जी तोड मांडली ती साधी आहे: परवानगी माणसाला देऊ नका, कामाला द्या, आणि माणसाला कामावर नेमा. आमच्या नमुन्यात कामं पाच आहेत. ५ गुणिले १४ म्हणजे ७० घरं एकदाच भरायची, आणि १२ माणसांपुढे १२ शिक्के मारायचे. १६८ च्या जागी ८२. नवा माणूस आला की १४ निर्णयांऐवजी एक.

ही तोड सगळ्यांनाच लागू पडते असं मात्र नाही, आणि इथे सल्लागार लोक गप्प बसतात. पाचही कामं वेगळी धरली तर पाच माणसांच्या कार्यालयात माणसागणिक ७० निर्णय लागतात आणि कामागणिक ७५. सहाव्या माणसाला ८४ विरुद्ध ७६. फायदा तिथून सुरू होतो. चार माणसांच्या दुकानात ‘भूमिका’, ‘गट’ असली भाषा सुरू करण्यापेक्षा फुलस्केप कागद बरा. तीस माणसांपर्यंत गेलात तर मात्र ४२० विरुद्ध १००, आणि तेव्हा कागद पुरत नाही. आणखी एक अडचण छोट्या ऑफिसची खास आहे: बिलिंगचा माणूस फील्डवाला सुट्टीवर गेला की बंदरावर जातो. त्याला दोन्ही शिक्के द्यावेत, सुट्टी संपली की एक काढावा. हा ‘एक काढावा’ कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो. देणं गरजेपोटी होतं, समोरचा माणूस मागत उभा असतो. काढून घ्यायला कुणी मागत येत नाही.

म्हणून या विषयातला सगळ्यात गचाळ आकडा सोडून गेलेल्यांचा. समजा दरवर्षी तिघं जातात आणि तिघं येतात. फील्ड आणि डॉक्युमेंटेशनला एवढी ये-जा असतेच. जाणाऱ्याची परवानगी कुणी काढली नाही, तर चौथ्या वर्षाअखेर किल्ल्या असलेली २४ माणसं होतात: १२ आत, १२ बाहेर. पाचव्या वर्षी बाहेरचे जास्त. त्यातले बरेच समोरच्याच इमारतीतल्या दुसऱ्या सीएचएकडे बसलेले असतात, कारण वाशीतला माणूस वाशीतच नोकरी बदलतो.

मालक म्हणतात पासवर्ड बदलतो. बदलून बघू. शिपिंग लाइनची पोर्टलं धरा दहा, प्रत्येकाचं लॉगिन एकच, आणि ते सात जण वापरतात. वर्षाला तीन माणसं गेली तर ३० वेळा पासवर्ड बदलायचा आणि दर वेळी बाकीच्या सहांना कळवायचा: १८० निरोप. त्यातला एक निरोप चुकला की शनिवारी दुपारी डिलिव्हरी ऑर्डर अडकते आणि डब्यावर डिटेन्शनचं भाडं चढतं. त्यामुळे पासवर्ड बदलला जात नाही, आणि तो असतो कंपनीचं नाव, ॲटचं चिन्ह, एक-दोन-तीन. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल तर जाणाऱ्याचं एक नाव काढलं की झालं, दहा पोर्टलांवर दहा मिनिटं. पोर्टलावर वेगळी लॉगिनं देण्याची सोय कित्येकदा असते. ती शोधायला कुणी बसलेलं नसतं.

ज्यांनी स्वतःहून केलं नाही त्यांच्याकडून सरकारने एका ठिकाणी करून घेतलं. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर ओटीपीशिवाय लॉगिन बंद झालं: १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींवरच्या उलाढालीला, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींवर, १ एप्रिलपासून सगळ्यांना. त्या एप्रिलमधलं एका ऑफिसमधलं दृश्य. संध्याकाळचे सव्वासहा. गाडी भरून उभी, ड्रायव्हरचे फोनवर फोन. पार्टीने आपलं ई-वे बिलाचं लॉगिन कधीकाळी या लोकांना देऊन टाकलेलं, आणि ओटीपी जाणार पार्टीच्या शेठच्या मोबाइलवर. शेठ साताऱ्याला पुतणीच्या साखरपुड्यात.

"शेठ, आला का ओटीपी?"

"अरे आला होता, बघेपर्यंत गेला. परत पाठव."

तिसऱ्या खेपेला जमलं. मधल्या चाळीस मिनिटांत डॉक्युमेंटेशनच्या ताईंनी डबा उघडून चार घास खाऊन घेतले. नंतर त्यांनीच शेठना समजावलं की पोर्टलवर सब-युजर करता येतो, त्याला त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडला की ओटीपी तिकडेच येतो. दहा मिनिटांचं काम, ते पोर्टल चालू झाल्यापासून पडून होतं. सब-युजर केल्यावर कुठलं बिल कुणी काढलं तेही दिसायला लागलं, हा न मागता मिळालेला फायदा.

ते ‘कुणी केलं’ दिसणं टॅलीत जास्त गरजेचं आहे आणि तिथेच नसतं. कंपनी कायद्याखालच्या नियमांनी १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद आपोआप राहिली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, असं बंधन घातलं. प्रोप्रायटर आणि भागीदारी पेढीला हा नियम नाही, म्हणून ते निवांत असतात. पण जीएसटीच्या नियम ५६(८) मध्ये नोंदणी असलेल्या सगळ्यांनाच सांगितलंय की इलेक्ट्रॉनिक हिशेबातली प्रत्येक बदललेली किंवा खोडलेली नोंद लॉगमध्ये राहिली पाहिजे. आता लॉग आहे आणि अकाउंट्सचे दोघं, सीएकडून येणारा आर्टिकलचा मुलगा आणि एक भागीदार असे चौघंही ‘ॲडमिन’ नावानेच शिरतात. वर्षाअखेर लॉग काढला तर प्रत्येक ओळीवर एकच नाव: ॲडमिन. चार माणसांचे चार युजर करायला टॅलीत जादा पैसे पडत नाहीत.

आता एक गोष्ट, जी १६८ च्या तक्त्यात आलीच नाही: काळ. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे, कस्टम ब्रोकरच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यांच्या नोंदी किमान ५ वर्षं, कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं. आठ वर्षांचे वेगळे फोल्डर धरले तर तक्ता १६८ चा राहत नाही, १,३४४ घरांचा होतो. आणि बदलायची गरज? चालू वर्षातली तीच ३४ घरं. मागच्या सात वर्षांतल्या १,१७६ घरांत ती शून्य आहे. १,३४४ ला ३४ म्हणजे शेकडा अडीच. वर्ष बंद झालं, ऑडिट झालं, की त्या वर्षाचा फोल्डर सगळ्यांना, भागीदारांनासुद्धा, फक्त बघण्यापुरता करून टाकायचा. संपूर्ण लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हेच. त्याला वर्षातून एकदा पाच मिनिटं लागतात, आणि व्हायरसपासून ते ‘चुकून ड्रॅग झालं’ पर्यंत सगळ्यांतून सात वर्षं वाचतात. पत्राच्या अखेरीला मोर्तब उठवायची रीत आपल्याकडे शिवकाळात होती. वर शिक्का, शेवटी मोर्तब, म्हणजे खाली कुणाला ओळ घुसडता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण ठेवला, रीत सोडली.

व्हॉट्सॲपचा हिशेब थोडक्यात करतो, कारण त्याला उपाय थोडकाच आहे. बारा जणांचा ग्रुप, दिवसाला ३० पीडीएफ, वर्षाचे ३०० दिवस. ३० गुणिले १२ गुणिले ३००: १,०८,००० प्रती. यातल्या एकाही प्रतीवर कुणाची परवानगी चालत नाही. माणूस गेला तरी त्याच्या फोनमध्ये त्या राहतात. गुगल ड्राइव्हवर बघणाऱ्याला डाऊनलोड आणि प्रिंट बंद करता येतं, स्क्रीनशॉटला तेही अडवत नाही. फील्डवाल्याला गेटवर कागद लागतो तेव्हा तो पाठवावाच लागतो, त्यात वाद नाही. ग्रुपवर फाइल टाकण्याऐवजी ड्राइव्हची लिंक टाकली, आणि लिंकचं सेटिंग ‘लिंक असलेल्या कुणालाही’ असं न ठेवता नावानिशी ठेवलं, तर लाखाचा आकडा बराच खाली येतो. आधारची पूर्ण प्रत मात्र कुठल्याच ग्रुपवर जाऊ नये. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार सरकारच्याच साइटवर मिळतं.

आधार, पॅन, मोबाइल नंबर ही माहिती आता नव्या कायद्याखाली येते. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. हा आकडा सांगून घाबरवणारे सेमिनार वाशीत सुरू झालेच आहेत. दंड ठरवताना चूक किती गंभीर, कितीदा झाली हे बघायचं असं कायदा सांगतो, तेव्हा बारा माणसांच्या पेढीने २५० कोटी डोक्यात घेऊ नये. नियमांत दुसरे आकडे आहेत ते बघावेत: माहिती कुणी उघडली याचे लॉग एक वर्ष ठेवायचे, आणि माहिती फुटली तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तर सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. तपशील म्हणजे कुणाची माहिती, कुठल्या फोल्डरमधून, कुणाच्या लॉगिनने. सगळ्यांना सगळं उघडं असेल तर याला उत्तर एकच लिहिता येतं, बाराही जण.

एक किल्ली कुठल्याच फोल्डरमध्ये नसते आणि सगळ्या फोल्डरांपेक्षा जड असते. डिजिटल सहीचं टोकन, ज्याला सगळे डीएससी म्हणतात. पेनड्राइव्हसारखी ती चीज. बिल ऑफ एंट्रीपासून कंपनीच्या रिटर्नपर्यंत तिच्यावर चालतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तिची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणं हे ज्याची सही त्याचं काम. प्रत्यक्षात ती सीएच्या ऑफिसच्या खणात असते, रबरबँड लावलेल्या वीस-पंचवीस टोकनांच्या जुडग्यात, प्रत्येकावर पार्टीच्या नावाची चिकटपट्टी आणि त्याच पट्टीवर पिन. कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक बाहेर ठेवायला कुणी तयार होणार नाही. टोकन ठेवतो, कारण सही करताना हात हलत नाही, त्यामुळे ती सही वाटत नाही. तक्त्याला हा पंधरावा रकाना जोडला तर त्यात १२ घरं येतात, पैकी ‘हो’ फक्त एकात. सीएकडे ठेवायचंच असेल तर निदान पिन वेगळा, आणि नेलं-आणलं याची वहीत तारखेनिशी नोंद. सहीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. नूतनीकरणाच्या दिवशी तरी टोकन मालकाच्या हाताला लागावं.

ज्या कार्यालयावरून हा नमुना बेतला तिथे तक्ता एका शनिवारी दुपारी आखला. भागीदारांतल्या धाकट्याने आधी हसण्यावारी नेलं, मग पगाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं आणि त्याने उठून केबिनचं दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत टॅलीचे चार युजर झाले, मागच्या वर्षांचे फोल्डर बंद झाले, ड्राइव्हवर कुणाकुणाला काय दिलंय त्याची यादी निघाली. यादीत २३ नावं होती. बारा ओळखीची. बाकीच्यांतलं एक सीएचं, एक जुन्या पार्टीचं, आणि नऊ सोडून गेलेल्यांची. नऊपैकी आठ काढली गेली. नववं काढता येईना. निर्यातीच्या जॉबचा मुख्य फोल्डरच त्या माणसाच्या वैयक्तिक जीमेलवर बनवलेला होता, २०१९ मध्ये, घाईत, तात्पुरता. फोल्डरचा मालक तो, पेढी पाहुणी. त्याने खातं बंद केलं असतं, किंवा दोन वर्षं उघडलं नसतं आणि गुगलने बंद केलं असतं, तर निर्यातीची पाच वर्षं त्याच्यासोबत गेली असती.

धाकट्या भागीदाराने फोन लावला. तो आता कामोठ्यात राहतो, दुसऱ्या फॉरवर्डरकडे आहे. दोन मिनिटं घरच्यांची चौकशी झाली, मग फोल्डरचं निघालं.

"हो साहेब, करतो ना ट्रान्सफर," तो म्हणाला. "मीच सांगणार होतो कधीपासून. तुमच्याकडे रोज कुठली पार्टी किती डबे पाठवते, सकाळी चहा पिताना माझ्या फोनवर येतं."